नक्षीच्या कागदातून जुन्या धाटणीचा नाताळ : सजावट आणि शुभेच्छापत्रं, पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

जुन्या काळच्या नाताळसारखी सजावट करायची म्हणून बरेच जण आधी दुकान गाठतात. सोनेरी चमकी, लाल रिबन, तयार स्टिकर, सांताक्लॉजचा एक गठ्ठा, सगळं घरी येतं. मग ते एकावर एक चिकटवलं जातं आणि शेवटी जे दिसतं त्याला जुनेपणाचा वासही नसतो. कौशल्य कमी पडलं म्हणून असं होत नाही. कागद न बघता आकृतीपासून सुरुवात केली, म्हणून होतं. एकोणिसाव्या शतकातल्या त्या सजावटीचा सगळा डौल कागदात आहे: त्याचं वजन, त्याची झळाळी, त्यावरची छपाई. कागद बरोबर निवडला तर साधा शंकूसुद्धा त्या काळातला वाटतो. म्हणून या लेखात कागदाला जास्त जागा दिली आहे आणि वस्तू मोजक्याच घेतल्या आहेत: एक विणलेलं हृदय, एक खाऊचा शंकू, एक चुणीदार चक्र आणि एक शुभेच्छापत्र. एवढं जमलं की बाकीचं तुमचं तुम्हाला सुचत जाईल.

दिवाळी संपली की लगेच सुरुवात करा. आकाशकंदिलांसाठी आलेले रंगीत आणि सोनेरी कागद तेव्हा दुकानात असतात. शिवाय खळ (पिठाचा गोंद), रंग आणि वजनाखाली वाळवणं यांत दिवस जातात. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात घाईने बसलात तर अर्ध्या वस्तू ओल्याच टांगाव्या लागतील.

1. आधी काळ ठरवा

'जुन्या धाटणीचं' म्हणजे नेमकं कधीचं, हे ठरवल्याशिवाय कात्री उचलू नका. मी इथे 1860 ते 1900 च्या आसपासचा युरोप धरला आहे, मुख्यतः इंग्लंड, जर्मनी आणि डेन्मार्क. डिसेंबर 1848 मध्ये 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'ने व्हिक्टोरिया राणी, प्रिन्स अल्बर्ट आणि त्यांची मुलं सजवलेल्या झाडाभोवती उभी आहेत असं चित्र छापलं. जर्मन घरांतली झाडाची प्रथा त्यानंतर इंग्रज मध्यमवर्गात झपाट्याने पसरली. झाड आलं तशी त्यावर टांगायच्या कागदी वस्तूही आल्या.

त्या काळचे रंग लक्षात घ्या. गडद लाल, बाटलीसारखा हिरवा, हस्तिदंती, तपकिरी आणि जुनं सोनं हे ओळखीचेच. पण फिका गुलाबी, आकाशी आणि जांभळट रंगही भरपूर होते, ते आपण विसरतो. चित्रांतही आजच्यासारखा सांता सगळीकडे नव्हता. फुलं, मुलं, मांजरं, देवदूत, हॉलीची पानं आणि लाल छातीचा रॉबिन पक्षी जास्त दिसतो. इंग्लंडमधल्या पोस्टमनांचा गणवेश 1860 च्या आसपासपर्यंत लाल होता आणि लोक त्यांना 'रॉबिन'च म्हणत. त्यामुळे पत्र घेऊन येणारा रॉबिन शुभेच्छापत्रांवर पुन्हा पुन्हा भेटतो.

इथला सापळा म्हणजे काळांची सरमिसळ. 1950 च्या दशकातला लाल-पांढरा गुबगुबीत सांता आणि व्हिक्टोरियन लेस एका कार्डावर आले की दोन्ही खोटे दिसतात. दोन्ही आवडत असतील तर दोन वेगळी कार्डं करा.

2. कागद ओळखा आणि आणा

त्या काळातली रंगीत चित्रं शिळाछापाची, म्हणजे दगडावर चित्र काढून छापलेली. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड, आणि एकाच चित्रासाठी असे कितीतरी दगड. आपल्याकडे रविवर्म्याच्या छापखान्यातून (सुरुवात 1894, मुंबई) निघालेली देवादिकांची चित्रं याच तंत्राची. आजी-आजोबांच्या घरी तसं एखादं चित्र असेल तर जवळ जाऊन बघा. रंग बारीक ठिपक्यांतून, थरांवर थर देत गडद होत गेलेले दिसतात. हीच झाक तुम्हाला कागदात हवी आहे. संगणकावर काढलेली सपाट, एकसारखी नक्षी त्या जातीची नाही.

आणण्यासारखे कागद असे:

- घोटीव (घोटून गुळगुळीत केलेला) रंगीत कागद, साधारण 80 ते 100 जीएसएम (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन). विणलेल्या हृदयासाठी हाच. एका बाजूला झळाळी आणि दुसरी पांढरी असली तरी चालेल.
- हातकागद, 120 ते 200 जीएसएम. शंकू आणि कार्डाच्या थरांसाठी.
- कार्डशीट, 250 ते 300 जीएसएम, पांढरंशुभ्र नको, हस्तिदंती घ्या.
- सोनेरी कागद. आरशासारखा चकचकीत टाळा, थोडा मंद बघा. जर्मनीत ड्रेस्डेनच्या परिसरात उठावाच्या सोनेरी-चंदेरी पुठ्ठ्याची जी खेळणी आणि पट्ट्या होत, त्यांची चमक अशी मंदच असे.
- पतंगी कागद किंवा टिश्यू, शंकूच्या आतल्या अस्तरासाठी.
- केक ठेवायच्या जाळीदार कागदी चकत्या. कागदी लेससाठी याहून स्वस्त काही नाही.

पुण्यात शिवाजीनगरला के. बी. जोशी पथावरची हातकागद संस्था 1940 पासून आहे, तिथे एकदा जाऊन कागद हातात घेऊन बघाच. रविवार पेठ आणि बोहरी आळीत सोनेरी पट्ट्या, लेस, रिबन मिळतात. मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटवर कागदाची दुकानं आहेत आणि गिरगावात खाडिलकर रोडवर लग्नपत्रिकांची. पत्रिकांची दुकानं विसरू नका. जुन्या नमुन्यांच्या पत्रिकांवर जो सोनेरी उठाव असतो तो कापून घेतला की सुंदर किनारी मिळते. छापखान्यातलं कातरणही मागून बघा. कार्डाला लागतो तेवढा तुकडा त्यात सहज निघतो.

कागदाचा ग्रेन. ही एक गोष्ट नव्या माणसाला कुणी सांगत नाही, आणि त्यामुळेच कार्डं वाकडी होतात. यंत्रावर बनलेल्या कागदात तंतू मुख्यतः एका दिशेने लोळलेले असतात. कागद न दुमडता दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून बघा. ज्या दिशेने तो सहज वाकतो, विरोध करत नाही, त्या वाकाच्या रेषेला समांतर ग्रेन. घडी नेहमी ग्रेनला समांतर घाला, तुटत नाही. एकावर एक कागद चिकटवायचे असतील तर दोन्हींचा ग्रेन एकाच दिशेने ठेवा. ओला कागद ग्रेनच्या आडव्या दिशेने फुगतो. दोन थर वेगवेगळ्या दिशांना फुगले की वाळताना कार्ड पिळवटतं, आणि मग कितीही वजन ठेवा, सरळ होत नाही. हातकागदात ग्रेन जवळपास नसतोच, म्हणून तो नवशिक्यांना सोपा जातो.

3. टेबलावर काय काय हवं

- दोन कात्र्या: एक मोठी, एक छोटी बारीक टोकाची (नखं कापायची वाकडी कात्रीही चालते)
- कटर, स्टीलची पट्टी, खाली घ्यायला कटिंग मॅट किंवा जाड पुठ्ठा
- घडी दाबायला पितळी चमच्याची पाठ, घडीची रेघ ओढायला शाई संपलेलं बॉलपेन
- खळ आणि फेव्हिकॉल, दोन्ही
- चपटा ब्रश, स्पंज, जुना कंगवा
- सुई, जाड दोरा, अरुंद रिबन
- तपकिरी रंगीत पेन्सिल
- वजनाला जाड पुस्तकं, आणि पुस्तकं खराब होऊ नयेत म्हणून बटर पेपर

हॉट ग्लू गन या यादीत मुद्दाम नाही. तिचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे आणि फुगीर थेंब कागदावर उठून दिसतात, आणि वर्षभराने गोंद कडक होऊन सुटतोही.

4. खळीचा नक्षीकागद घरी करा

विकतचा नक्षीकागद आवडला नाही तर हा मार्ग धरा. माझं सगळ्यात आवडतं काम हेच. जर्मनीतल्या हेर्नहूट गावात मोराव्हियन या ख्रिस्ती पंथाच्या भगिनी अठराव्या शतकात खळीत रंग मिसळून कागदावर नक्षी काढत. ते कागद पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर चढत. याच हेर्नहूटच्या नावाने नाताळचा 25 टोकांचा कागदी तारा आजही ओळखला जातो. खळ आपल्या घरांना नवी नाही, आकाशकंदील आणि पतंग तिच्यावरच चिकटले. त्यामुळे हे तंत्र हातात लवकर बसतं.

पाव कप कॉर्नफ्लोअर पाव कप गार पाण्यात गुठळ्या न राहता कालवा. त्यात एक कप पाणी घालून मंद आचेवर सतत ढवळत शिजवा. दुधट रंग जाऊन ती अर्धपारदर्शक झाली आणि चमच्याला जाड लेप धरू लागली की गॅस बंद करा. गार झाल्यावर अर्धा कप पाणी थोडं थोडं घालत सैल करा, फेटलेल्या दह्याइतकी. गुठळ्या दिसल्या तर मलमलीतून गाळा. दोन-तीन वाट्यांत वाटून प्रत्येकीत पोस्टर कलर किंवा ॲक्रिलिक मिसळा. रंग वाळल्यावर फिका पडतो, तेव्हा वाटीत थोडा गडदच ठेवा.

आता कागद. 100 ते 130 जीएसएमचा चांगल्या ताकदीचा, साधा कागद स्पंजने दोन्ही बाजूंनी ओलसर करा आणि प्लास्टिकवर पसरून हवेचे फुगे बाहेर काढा. वर रंगीत खळ चपट्या ब्रशने आधी उभी, मग आडवी लावा. ब्रशच्या रेघा पुसट झाल्या की कंगवा घ्या. सरळ ओढलात तर पट्टे. हात हलकेच डावी-उजवीकडे डोलवत ओढलात तर लाटा. पुन्हा आडवा तसाच ओढलात तर त्या लाटांतून खवल्यांसारखी जाळी उमटते. कंगव्याचे दात खळ बाजूला सारतात आणि खालचा फिका कागद डोकावतो. प्रत्येक रेघेच्या कडेला रंगाचा बारीकसा बांध उभा राहतो. वाळल्यावर बोट फिरवलं तर तो हाताला लागतो, आणि छापील कागदात नेमकं हेच नसतं.

नक्षी बिघडली तर घाबरू नका. खळ ओली आहे तोवर ब्रश फिरवून पुसा आणि पुन्हा काढा. मात्र तीन-चार वेळांपेक्षा जास्त नको, कागद भिजून बुरबुरतो.

दोरीवर टांगू नका, वर्तमानपत्रावर सपाट वाळवा. तरीही तो वळणारच. पूर्ण वाळल्यावर उलटा करून, वर सुती कापड घालून मध्यम इस्त्री फिरवा आणि रात्रभर पुस्तकांखाली ठेवा.

चिकटवायची खळ वेगळी: मैद्याची, जरा घट्ट, बिनरंगाची. पूर्वी किडे लागू नयेत म्हणून तिच्यात मोरचूद घालत. मोरचूद विषारी असतो. मुलांच्या हातात जाणाऱ्या किंवा खाऊ भरायच्या वस्तूंना तो अजिबात घालू नका. खळ फ्रिजमध्ये ठेवा आणि आंबट वास आला की टाकून द्या.

5. विणलेलं हृदय

डेन्मार्कमध्ये नाताळच्या झाडावर ही हृदयं टांगतात. वरून उघडी असल्यामुळे आत खाऊ राहतो. परीकथाकार हान्स क्रिश्चन अँडरसनने 1860 मध्ये केलेलं असं एक हृदय आजही जपून ठेवलेलं आहे.

लाल आणि पांढऱ्या (किंवा हिरव्या आणि सोनेरी) घोटीव कागदाच्या 8 बाय 25 सेंटिमीटरच्या पट्ट्या कापा, प्रत्येक रंगाची एक. प्रत्येक मधोमध दुमडा, 8 बाय 12.5 राहील. उघड्या टोकाला अर्धगोल कापा. मग घडीच्या बाजूकडून आत, 2-2 सेंटिमीटर अंतरावर तीन काप द्या, प्रत्येक काप 8.5 सेंटिमीटर लांब. म्हणजे प्रत्येक बाजूला चार पट्टे झाले. काप रुंदीपेक्षा अर्धा सेंटिमीटर जास्त लांब आहेत, हे महत्त्वाचं. काप बरोबर 8 चे ठेवलेत तर शेवटचा पट्टा आत जात नाही आणि ओढताना फाटतो.

दोन्ही तुकडे काटकोनात धरा, घडीची टोकं खाली. आता नेहमीच्या चटईसारखं खाली-वर विणायचं नाही. प्रत्येक पट्टा दुहेरी आहे, पोकळ आहे. लाल पट्टा पांढऱ्याच्या पोटातून जाईल, पुढच्या पांढऱ्याला तो आपल्या पोटात घेईल, मग पुन्हा पोटातून, पुन्हा पोटात. पहिला लाल पट्टा असा चारही पांढऱ्यांतून गेला की त्याला वर सरकवा. दुसऱ्याची सुरुवात उलटी: आधी पोटात घ्यायचं, मग पोटातून जायचं. तिसरा पहिल्यासारखा, चौथा दुसऱ्यासारखा. चुकलात की हृदय उघडतच नाही, दोन्ही बाजू शिवल्यासारख्या अडकतात. तेवढ्यावरून चूक लगेच कळते.

चौथ्या पट्ट्याला घाई करू नका. आधीचे तीन वर दाबून जागा करा, पट्ट्याचं टोक किंचित चिमटून निमुळतं करा आणि बोटाने आतून ढकला. ओढू नका. पूर्ण झाल्यावर आत दोन बोटं घालून हृदय उघडा आणि 1.5 बाय 20 सेंटिमीटरची पट्टी कडीसाठी आतून चिकटवा. इथे फेव्हिकॉल वापरा, कारण कडीवर भार येतो. चार पट्टे जमले की सहा करा. पट्टे कमी-जास्त रुंद ठेवले तर नक्षी आणखी खुलते.

6. खाऊचा शंकू

व्हिक्टोरियन झाडावर बदाम, सुकामेवा आणि गोळ्या भरलेले शंकू टांगलेले असत. हातकागदावर 18 सेंटिमीटर त्रिज्येचा पाव गोल काढा आणि कापा. एका सरळ कडेला दीड सेंटिमीटर जागा चिकटवायला सोडली की तोंड साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास येतं, मूठभर खाऊला पुरेल इतकं. चिकटवण्याआधी टेबलाच्या कडेवरून कागद हलकेच ओढून त्याला वळण द्या. सपाट कागद एकदम गुंडाळला की त्यावर मोडी पडतात आणि त्या जात नाहीत. सांधा फेव्हिकॉलने, आतून चमच्याच्या दांड्याने दाबून.

आत टिश्यूचं अस्तर, तोंडावर दोन बोटं वर आलेलं. बाहेरच्या कडेला जाळीदार चकतीची अर्धी किनार आणि तिच्यावर सोनेरी पट्टी. समोर एकच चित्र. एकच, दुसरं नको. कडीची रिबन समोरासमोरच्या दोन भोकांतून ओवा आणि आतून गाठ मारा. नुसती चिकटवलेली कडी खाऊच्या वजनाने निघते. तुपकट पदार्थ भरणार असाल तर आधी बटर पेपरची पुडी करा. करंजी-शंकरपाळ्याचं तूप टिश्यूतून आरपार येतं.

7. चुणीदार चक्र

5 बाय 60 सेंटिमीटरची नक्षीपट्टी घ्या (दोन तुकडे जोडले तरी चालेल), बॉलपेनने दर सेंटिमीटरला रेघ ओढा, पंख्यासारख्या चुण्या घाला. एका कडेजवळून सुईने दोरा ओवा, दोन्ही टोकं चिकटवा, वाळल्यावर दोरा आवळून चक्र सपाट करा आणि मागे-पुढे कार्डशीटच्या गोल चकत्या चिकटवून वजनाखाली ठेवा. इथे ग्रेन चुण्यांना समांतर हवा, नाहीतर चुण्या फाकतात. पुढच्या चकतीवर चित्र. बस.

8. शुभेच्छापत्र

विकण्यासाठी छापलेलं पहिलं नाताळचं शुभेच्छापत्र 1843 चं, लंडनमधलं. हेन्री कोल यांनी ते चित्रकार जॉन कॅलकॉट हॉर्सली यांच्याकडून काढून घेतलं. शिळाछापावर सुमारे हजार प्रती निघाल्या, त्यांत रंग हाताने भरले, आणि किंमत होती एक शिलिंग. पेनी पोस्ट, म्हणजे एका पेनीत पत्र पोहोचवणारं टपाल, 1840 मध्ये सुरू झालं होतं आणि कोल त्या कामात होते. मधल्या चित्रात पेले उंचावलेलं कुटुंब, दोन बाजूंना गरिबांना अन्न आणि वस्त्र देणारी माणसं. एका लहान मुलीच्या ओठाला पेला लागलेला दाखवला म्हणून मद्यबंदीवाल्यांनी टीकाही केली. 1870 मध्ये इंग्लंडात अर्ध्या पेनीत कार्ड पाठवण्याची सोय झाली आणि शुभेच्छापत्रं घराघरांत पोहोचली.

हा इतिहास सांगितला त्याचं कारण माप. ते कार्ड घडीचं नव्हतं. एकच सपाट तुकडा, साधारण 13 बाय 8 सेंटिमीटर. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. घडीची कार्डं आपण गृहीत धरतो, पण लहान सपाट कार्डाला आपोआप तो काळ येतो, आणि ग्रेन-घडीची भानगड उरत नाही.

चित्र. उठावाची, कडेने कापून काढलेली छोटी रंगीत चित्रं त्या काळी जर्मनीतून मोठ्या प्रमाणावर छापून येत. मूळ चित्रं हाती लागली तर ती कापू नका, स्कॅन करा. नसतील तर संग्रहालयांची इंटरनेटवरची खुली दालनं बघा. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने 2017 पासून आपल्या स्वामित्वमुक्त वस्तूंच्या प्रतिमा कुणालाही वापरायला मोकळ्या केल्या आहेत, जुनी शुभेच्छापत्रंही त्यांत सापडतात. इंटरनेटवर दिसेल ते चित्र उचलू नका, विशेषतः कार्डं विकणार असाल तर.

प्रिंट लेसरवर काढा. साध्या इंकजेटची शाई खळीच्या ओलाव्याने पसरते. कागद 130 ते 150 जीएसएमचा, मॅट.

कापणं. कात्री धरलेला हात जागेवर ठेवा आणि दुसऱ्या हाताने कागद फिरवा. कात्रीच्या टोकाने नव्हे, तिच्या मधल्या भागाने कापत जा, म्हणजे गोलाई अखंड येते. रॉबिनचा पाय, पानाचा देठ असे नाजूक भाग शेवटी कापा. चित्र सुटं झालं की त्याची कापलेली पांढरी कड दिसते. नवेपणाची चुगली तीच करते. तपकिरी पेन्सिल आडवी धरून त्या कडेवरून फिरवा. नंतर चित्र उलटं करून मऊ रुमालाच्या घडीवर ठेवा आणि चमच्याच्या टोकाने पोट, गाल, पाकळ्या मागून हलकेच दाबा. सुलट केल्यावर ती चित्रं फुगीर दिसतात, अगदी मुळच्यासारखी.

रचना. हस्तिदंती कार्डशीट 13 बाय 8. त्यावर खळीचा नक्षीकागद चारही बाजूंनी 4 मिलिमीटर लहान. त्यावर जाळीदार चकतीचा एक कोपरा, मग चित्र, मग एक छोटी कोरी पट्टी मजकुरासाठी. कडेला सोनेरी रेघ. बास, थांबा. चिकटवण्याआधी सगळं नुसतं मांडून बघा आणि त्यातली एक वस्तू काढून टाका. कार्ड जवळपास नेहमीच सुधारतं.

मोठे तुकडे खळीने चिकटवा, ती वाळायला वेळ घेते आणि तुकडा सरकवून बसवता येतो. चित्र फेव्हिकॉलने, तेही अगदी पातळ. मग बटर पेपर, मग पुस्तकं, मग रात्रभर विसरा. अर्ध्या तासात उचलून बघायचा मोह होतो. उचललंत तर कोपरे वर येतात.

मजकूर. बोरू मिळाला तर बोरूने लिहा. देवनागरीची जाड-बारीक रेघ त्यातूनच येते, आणि 'नाताळच्या हार्दिक शुभेच्छा' त्या रेघेत इतकं देखणं दिसतं की छापील अक्षर नकोसं होतं. शाई हातकागदात फुटत असेल तर मजकुराची पट्टी घोटीव कागदाची घ्या. इंग्रजी मजकूर हवा असेल तर कोलच्या कार्डावरचाच लिहा, देवनागरीत नव्हे तर रोमन लिपीत: 'A Merry Christmas and a Happy New Year to You'. सुखाचा नाताळ आणि आनंदाचं नवं वर्ष, एवढाच त्याचा अर्थ आहे.

9. 'जुनं' करताना हात आवरा

कागदाला चहाचं पाणी लावा, कडा जाळा, चुरगळा, असे सल्ले जिकडेतिकडे मिळतात. कडा जाळणं तर सोडूनच द्या. ती कार्डं नवी होती तेव्हा झळझळीत होती, चकचकीत होती, कुणी जळकी कार्डं पाठवत नव्हतं. पिवळेपणा नंतरच्या वर्षांनी दिला. झाक हवीच असेल तर फक्त तळच्या कार्डशीटला द्या: बिनदुधाचा, बिनसाखरेचा, गार चहा स्पंजने एकदाच, आणि सपाट वाळवा. साखर राहिली तर मुंग्या येतात. वर्षानुवर्षं ठेवायच्या वस्तूंना चहा नकोच, त्यातलं आम्ल कागद ठिसूळ करतं.

बर्फाची चमक हवी असेल तर आजची प्लास्टिक चमकी वापरू नका. अभ्रकाची जाडसर भुकटी चित्रातल्या छताच्या कडेवर, फांदीवर, चिमूटभर. भुरभुरताना नाका-तोंडाला रुमाल बांधा, आणि टपालाने जाणाऱ्या कार्डांवर मुळीच नको, ती पाकीटभर होते.

10. पाठवताना

पाकीट आधी करा, कार्ड नंतर. उलट केलं की मापाचं पाकीट शोधत फिरावं लागतं. कार्डाच्या चारही बाजूंना 3 ते 5 मिलिमीटर मोकळी जागा पुरे. परदेशातल्या नातेवाइकांना डिसेंबर उजाडण्याआधीच टाका. नाताळच्या तोंडावर सगळीकडचं टपाल तुंबतं.

तुम्ही स्वतः परदेशात राहत असाल आणि तिथूनच टाकणार असाल तर जाडीकडे बघा. ब्रिटनमध्ये 5 मिलिमीटरपेक्षा जाड झालं की ते साध्या पत्राच्या दरात जात नाही. अमेरिकेत चौरस पाकिटाला आणि उंचसखल पाकिटाला जादा आकार पडतो, कारण ती यंत्रातून नीट जात नाहीत. मणी, गाठी मारलेल्या रिबन, फुगीर चित्रं यांनी जाडी आणि उंचसखलपणा दोन्ही वाढतात. टपालाची कार्डं सपाट ठेवा, फुगीर कार्डं हातोहात द्यायला ठेवा.

11. टांगताना आणि ठेवताना

कागदाजवळ मेणबत्ती नको. त्या काळी झाडांवर खऱ्या मेणबत्त्या लावत आणि आगी लागत. एलईडीची माळ गरम होत नाही, तीच वापरा, आणि तीही कागदाला चिकटून नको.

उन्हात टांगलेला घोटीव कागद लवकर विटतो, लाल तर सगळ्यात आधी. खिडकीपासून आत टांगा. मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत खळीचे सांधे सुटतात. तिथे सांध्यांना फेव्हिकॉल आणि सपाट थरांना खळ, अशी वाटणी करा.

जानेवारीत उतरवल्यावर पत्र्याच्या डब्यात ठेवा. पिठाची खळ झुरळांना आणि कसरीला आवडते, त्यामुळे पुठ्ठ्याचं खोकं नको. कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि सिलिका जेलच्या पुड्या टाका. हृदयं चपटी करून, मधे बटर पेपर घालून. शंकूंच्या आत टिश्यूचे बोळे, नाहीतर तोंडं चेपतात. चक्रं सुटी, एकावर एक न ठेवता. पावसाळा संपल्यावर एकदा डबा उघडून सगळं सावलीत पसरा, सुटलेले सांधे चिकटवा आणि पुन्हा रात्रभर वजनाखाली ठेवा.